परवलीचा शब्द

चष्मा, छत्री आणि लग्नाचा वाढदिवस या तीन गोष्टी विसरण्याचा मला दांडगा सराव आहे. पण चष्मा कपाळावर सापडतो, छत्री दुसऱ्याची मिळते आणि वाढदिवस दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप ज्या आवाजानं टेबलावर येतो त्यावरून आठवतो. गेल्या पावसाळ्यात मी संगणकाचा पासवर्ड विसरलो, आणि तो कुठल्याच आवाजावरून आठवेना.

पासवर्डला आपल्याकडे 'परवलीचा शब्द' असं भारदस्त नाव आहे. किल्ल्याच्या दारावर रात्री चौकीदारानं हटकलं की शब्द सांगायचा आणि आत जायचं. मात्र तो चौकीदार माणूस असे. तोंडओळखीवर "या, या, आज उशीर केलात" म्हणण्याची निदान आशा तरी होती. आमचा हा चौकीदार सहा वर्षं माझ्या समोर बसलेला, माझ्या चहाचे दोन कप अंगावर घेतलेला; पण त्या सकाळी त्यानं ओळखच दिली नाही.

"अहो, लग्नाची तारीख घालून बघा," आतून सूचना आली.

"घातली. चुकीची आहे म्हणतोय."

"पासवर्ड चुकीचा आहे, की तारीख?"

यावर गप्प बसणं हाच शहाणपणा. मग यंत्रानंच एक सवलत दिली. 'तुमच्या पहिल्या शाळेचं नाव सांगा,' म्हणाला. शाळा आठवली, मास्तर आठवले, त्यांची छडीही आठवली; पण नोंदवताना शाळेचं इंग्रजी स्पेलिंग कोणतं केलं होतं ते आठवेना.

हे झेंगट मुळात आणलं कोणी? १९६१ साली अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांनी एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था करून दाखवली. तेव्हाचा संगणक खोलीभर असायचा. एकाची कागदपत्रं दुसऱ्यानं बघू नयेत म्हणून त्यांनी ज्याला त्याला एकेक शब्द दिला. लगेच १९६२ साली अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात, म्हणून त्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली! पुढं २०१४ साली म्हातारे कोर्बातो एका वर्तमानपत्राला म्हणाले, की पासवर्ड हे आता एक दुःस्वप्न होऊन बसलंय. स्वतःचे पासवर्ड त्यांनी तीन पानं भरून टाइप करून ठेवले होते. हे वाचून मला फार बरं वाटलं. पासवर्डच्या बापाचीच ही गत, तर आमची काय कथा!

शेवटी यंत्र काखोटीला मारलं, जुन्या जालन्यातून कुंडलिका ओलांडली आणि नव्या जालन्यातलं एक दुकान गाठलं. दुकानातला पोरगा विशीतला. त्यानं आधी डॉक्टरसारखी माझ्याकडं एक करुण नजर टाकली.

"टेन्शन नका घेऊ, काका. मानसं काय ठेवतेत ते ठरलेलं असतंय. पोराचं नाव, गाडीचा नंबर, नायतर गावाचं नाव आन् एक-दोन-तीन."

हा पोरगा अजाणता इतिहासच बोलत होता. असईची लढाई आमच्याच जिल्ह्यातली, २३ सप्टेंबर १८०३ ची. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज होती, आणि अलीकडं आर्थर वेलस्ली. त्याला नदी ओलांडायला उतार हवा होता. वाटाडे तर सांगत होते, इथं उतारच नाही. वेलस्लीनं पाहिलं, तर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर अगदी समोरासमोर. त्यानं ताडलं, गावं अशी वसलीत म्हणजे उतार असणारच. होता! आपल्याकडचं शेंबडं पोरही हेच सांगेल. या गावची लेक त्या गावात दिलेली असणार, कुंभार एकाच गावात असणार, मग पायवाट पडल्याशिवाय राहील का? वेलस्लीला परवलीचा शब्द कोणी सांगितला नव्हता. त्यानं माणसांच्या सवयी वाचल्या. हाच गडी पुढं १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला.

माझा उतार मात्र त्या पोराला सापडेना. मुलं, गाड्या, गावं सगळी घालून झाली.

"मग आतला जुना शब्द काढून दे ना," मी म्हटलं.

"आत शब्द नसतोच, काका. त्याचं पीठ असतंय." तुम्ही शब्द टाइप केलात की यंत्र तो दळतं आणि आतल्या पिठाशी ताडून बघतं. पीठ जुळलं तर दार उघडतं. पण पिठाची पुन्हा ज्वारी करणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. जुना शब्द गेला तो गेला. फार तर नवा देता येतो. माझं नशीब असं, की डिस्कलाच वेगळं कुलूप नव्हतं. तसलं असतं आणि त्याची ती लांबलचक किल्लीही हरवलेली असती, तर कायमचा रामराम होता. पोरानं बाहेरून दुसरी डिस्क जोडून यंत्र चालू केलं आणि पाऊण तासात नवा पासवर्ड बसवला.

माझा जीव अडकला होता तो आजोबांच्या दप्तरात. त्याची कथा २०२३ ची. त्या वर्षी ऑगस्टअखेर अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं आणि सप्टेंबरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळातल्या नोंदींत 'कुणबी' हा एक शब्द शोधायचा होता. तोही परवलीचाच शब्द म्हणायचा. ज्याच्या कागदात सापडेल त्याला दार उघडणार होतं. दप्तरखान्यांची कुलपं निघाली, आणि कागद निघाले उर्दू, फारसी नाहीतर मोडीतले. मग मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. घरोघरच्या पेट्या उघडल्या, तशी आमचीही उघडली. पुतण्यानं आजोबांच्या चाळीस पानांचे फोटो काढून माझ्या संगणकात ठेवले. मूळ कागद पुढच्याच पावसाळ्यात वाळवीनं वाचून संपवले.

तर दार उघडलं, पानं पडद्यावर आली, आणि मी खुळ्यासारखा बघत बसलो. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं, हात उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पत्रास नाही. आमच्या आजोबांना हे डोळे मिटून येत होतं. विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतून मोडी गेली, छापायला सोपी बाळबोध राहिली आणि दोन पिढ्यांत आपण सगळे मिळून पासवर्ड विसरलो. शाळेचं स्पेलिंग मी एकटाच विसरलो होतो. हे गावच्या गाव विसरलं. आणि इथं त्या पोराची युक्ती चालत नाही. मोडीला नवा पासवर्ड बसवता येत नाही. जुनाच शिकावा लागतो.

पलीकडच्या गल्लीतल्या ऐंशीच्या घरातल्या एका गृहस्थांनी भिंग लावून चार पानं वाचून दिली. पुतण्याला हवा होता तो शब्द त्यांत नव्हता. ज्वारी किती पायल्या, बैल कुणाला दिला, असले हिशेब होते. एका ओळीपाशी मात्र म्हातारबुवा थांबले आणि हसले. आजोबांनी लिहिलं होतं, कोठीची किल्ली थोरल्या भावजयीकडे ठेवली असे.

म्हणजे विसरणं घराण्यातच होतं. फक्त ते लिहून ठेवत आणि घरातलं माणूस साक्षीला ठेवत.

उरलेल्या छत्तीस पानांसाठी मी आता त्यांच्याकडेच मोडी शिकतोय. नवा पासवर्ड कालनिर्णयाच्या मागं लिहून ठेवलाय, मोडीत. चोर आला तरी त्याला वाचता यायचा नाही.

मलाही अजून नीट वाचता येत नाही, म्हणून तो बायकोला तोंडी सांगून ठेवलाय.