दोष कधी गुण झाले?

कॅननने १९६१मध्ये आपल्या ‘कॅनन ७’ या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी ५० मिमीची एक लेन्स बाजारात आणली. तिचं छिद्र होतं एफ/०.९५. माणसाच्या डोळ्यापेक्षा ती चौपट तेजस्वी आहे, असा तिचा गाजावाजा झाला. आज हीच लेन्स ‘ड्रीम लेन्स’ या टोपणनावाने ओळखली जाते. तिच्याबद्दल बोलणारे आता प्रकाशाचं नाव क्वचितच काढतात. चित्र स्वप्नाळू येतं, कडा विरघळतात, दिव्यांभोवती धुकं साचतं, असं काहीबाही सांगतात. साठ वर्षांत तिची काच बदललेली नाही. बदलली आहे ती तिला जोखण्याची फूटपट्टी. ती कधी आणि का बदलली, हे कळल्याशिवाय अशा लेन्सच्या ‘स्वभावा’बद्दल नीट बोलताच येत नाही, असं माझं मत आहे.

आधी थोडं गणित. (अख्ख्या नळकांड्याला मी लेन्स म्हणतो आणि आतल्या एकेका काचेला भिंग.) एफ-आकडा म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. ५० मिमीच्या लेन्सला एफ/२ हवं असेल तर २५ मिमीचं छिद्र पुरतं; एफ/१ हवं असेल तर ५० मिमीचं लागतं. व्यास दुप्पट, म्हणून प्रकाश चौपट. इथवर सगळा फायदाच. पण गोलाकार पृष्ठभागाच्या भिंगात कडेने शिरलेले किरण मधल्या किरणांच्या बिंदूपाशी येऊन मिळत नाहीत, थोडे अलीकडेच एकमेकांना छेदतात. हे गोलीय विपथन. त्यामुळे बिंदूचा जो ठिपका होतो, तो छिद्राच्या तिसऱ्या घाताने फुगतो. म्हणजे रचना तीच ठेवून छिद्र दुप्पट केलं, तर प्रकाश चौपट होतो आणि हा दोष आठपट. जलद लेन्सचा सगळा इतिहास या चार आणि आठच्या भांडणाचा आहे.

हे भांडण अंगावर घ्यायचं कारण १९२०च्या दशकात अगदी साधं होतं: रात्री घराच्या आत काही दिसत नसे. म्हणजे डोळ्यांना दिसे, कॅमेऱ्याला नाही. जर्मनीतल्या अर्नेमान कंपनीत लुडविग बेर्टेले या तरुणाने ‘अर्नोस्टार’ ही लेन्स रचली. १९२४मध्ये ती एफ/२ छिद्रासह ‘अर्मानॉक्स’ या छोट्या कॅमेऱ्यावर आली आणि पुढे एफ/१.८पर्यंत गेली. अर्मानॉक्स रेंजफाइंडर नव्हता. त्यात काचेच्या प्लेटा एकेक करून घालाव्या लागत. पण पुढच्या सगळ्या गोष्टीची सुरुवात तिथे आहे, आणि ती एरिश सॉलोमन या माणसामुळे आहे.

सॉलोमन कायदा शिकलेला. १९२८मध्ये बर्लिनच्या एका गाजलेल्या खून खटल्यात तो हॅटमध्ये कॅमेरा लपवून न्यायालयात शिरला. मग तो आंतरराष्ट्रीय परिषदा, मेजवान्या, मध्यरात्रीच्या वाटाघाटी अशा ठिकाणी पोचू लागला. तोवर मुत्सद्द्यांची छायाचित्रं म्हणजे मॅग्नेशियमच्या भडक झोतात ताठ बसवलेली माणसं. सॉलोमनच्या चित्रांत ती जांभया देतात, कुजबुजतात, खुर्चीत रेलून डुलक्या काढतात. १९३१मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री आरिस्तीद ब्रियाँ यांनी त्याला नेमकं हेरलं आणि त्याच्याकडे बोट दाखवलं. सॉलोमनने तोच क्षण टिपला. या चित्रांत कोपरे काळवंडलेले आहेत, मागची माणसं पुसट आहेत. त्या काळी या पुसटपणाचं कोणी कौतुक केल्याचं माझ्या वाचनात नाही. दिव्याच्या उजेडात जे चालतं, ते बाहेरच्यांना दिसलं, एवढंच महत्त्वाचं होतं. सॉलोमन ज्यू होता. नाझी सत्तेत तो हॉलंडमध्ये गेला, तिथे पकडला गेला आणि १९४४मध्ये आउशवित्समध्ये मारला गेला.

अर्नेमान कंपनी १९२६मध्ये झाइस इकॉनमध्ये विलीन झाली आणि बेर्टेले तिकडे गेला. १९३२च्या काँटॅक्स या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी त्याने रचलेली सोनार ५० मिमी एफ/१.५ तांत्रिक चातुर्याचा नमुना आहे. भिंगांवर प्रतिबिंबरोधक लेप देण्याची पद्धत तेव्हा नव्हती. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने ती १९३५मध्ये शोधली. लेप नसेल तर काच आणि हवा जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठभागावरून चारपाच टक्के प्रकाश परत फिरतो. तो आतल्या आत भटकतो आणि चित्रावर पांढुरकी साय धरतो. बेर्टेलेने भिंगं एकमेकांना चिकटवून त्यांचे फक्त तीन गट केले, म्हणजे हवेशी भेटणारे पृष्ठभाग सहाच. १९३६मध्ये लायकासाठी आलेल्या श्नायडरच्या रचनेच्या क्सेनॉन एफ/१.५मध्ये ते दहा होते. एकाच एफ-आकड्याच्या या दोन लेन्सांपैकी सोनारचं चित्र अधिक खणखणीत येई, त्याचं हे मोठं कारण. लेन्सच्या ‘स्वभावा’ला असं रोखठोक कारण असतं, एवढं इथे लक्षात ठेवू.

युद्धानंतर शर्यत जपानकडे सरकली. १९५०मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जून मिकी या जपानी छायाचित्रकाराने निप्पॉन कोगाकूच्या ८५ मिमी एफ/२ निक्कॉर लेन्सने त्याचं छायाचित्र काढलं. प्रिंट पाहून डंकन चकित झाला आणि या लेन्स त्याने कोरियाच्या युद्धात वापरल्या. जपानी माल म्हणजे नक्कल, हा अमेरिकेतला समज मोडायला त्याची मोठी मदत झाली. त्याचा निवाडा कशावर होता? प्रिंटमधल्या तपशिलावर. चित्र किती मोठं केलं तरी टिकतं, ही त्या पिढीची फूटपट्टी. तिच्याच जोरावर १९५३मध्ये झुनोव्हची एफ/१.१ आली, १९५६मध्ये निक्कॉर एफ/१.१ आणि १९६१मध्ये कॅननची एफ/०.९५.

या कॅननमध्ये पाच गटांत सात भिंगं आहेत. मागचं भिंग इतकं मोठं, की कॅमेऱ्यातल्या रेंजफाइंडरच्या दांडीला जागा करून देण्यासाठी त्याची कड कापावी लागली. गोलीय विपथन पूर्ण आवरलेलं नाही. म्हणून पूर्ण छिद्रावर चेहऱ्याचा तपशील असतो, पण त्यावर मंद तेजाचा पदर पडतो. कोपऱ्यांकडच्या तिरप्या किरणांना नळकांड्याची कड अडवते, त्यामुळे मागच्या दिव्यांचे गोल ठिपके बाजूंना लिंबाच्या फोडीसारखे होतात आणि पार्श्वभूमी गरगरल्यासारखी वाटते. स्वप्न म्हणतात ते हे. रचनाकाराने ते पाहिलेलं स्वप्न नव्हे. चार आणि आठच्या भांडणात त्याला करावी लागलेली ती तडजोड होती.

आणि हे सगळं छायाचित्रकाराला फोटो काढताना दिसत नसे! रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही. शेजारच्या खिडकीतून पाहतो, दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवतो आणि अंतर ठरवतो. खिडकीत सगळं जग सारखंच स्पष्ट. ५० मिमी एफ/१ लेन्सने एक मीटरवरचा चेहरा टिपताना जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. पापणी आली तर कान गेला. दांडीचं यंत्र केसभर इकडेतिकडे झालं, तरी पापणीही गेली. त्यातच विपथन असलेल्या लेन्सचं छिद्र लहान केलं की स्पष्टतेचं प्रतल मागेपुढे सरकतं, आणि खिडकीला त्याचा पत्ता नसतो. लेन्सचा स्वभाव समजे तो फिल्म धुतल्यावर.

लाइट्झ कंपनीने दुसरी वाट धरली. १९६६च्या नॉक्टिलक्स ५० मिमी एफ/१.२मध्ये दोन पृष्ठभाग गोलाकार नव्हते; कडेच्या किरणांना वळणावर आणण्यासाठी त्यांचा आकार मुद्दाम बदललेला होता. ते घासायचं यंत्र हाताने चालवावं लागे. वाया जाणारी भिंगं पुष्कळ, खर्च अफाट. म्हणून फार थोड्या लेन्सा बनल्या. १९७०च्या दशकाच्या मध्यावर कॅनडातल्या मिडलंड इथल्या कारखान्यात वॉल्टर मांडलरने एफ/१ची नॉक्टिलक्स रचली. तिचे सगळे पृष्ठभाग गोलाकारच, पण काच अतिशय उच्च अपवर्तनांकाची. किरण हळुवार वाकवता आले. ही लेन्स २००८पर्यंत बनत होती. दोन्ही रचनांचा हेतू एकच: अंधारात दिवे समोर असताना चित्र फिकं पडू नये. नॉक्टिलक्स या नावातही रात्र आणि प्रकाश आहेत, स्वप्न कुठेच नाही.

दरम्यान गरजच विरत चालली होती. १९३६ची ३५ मिमी कोडाक्रोम जेमतेम १० संवेदनक्षमतेची, तिला एफ/१.५ची लेन्स म्हणजे बुडत्याला आधार. १९५४मध्ये ट्राय-एक्स ३५ मिमीत आली, तेव्हा साध्या एफ/२च्या लेन्सनेही रस्त्यावरच्या दिव्यात काम भागू लागलं. १९५९च्या निकॉन एफपासून लेन्समधूनच पाहणारे कॅमेरे व्यावसायिकांच्या हाती गेले. म्हणजे कॅननची एफ/०.९५ आली तेव्हाच तिच्या जातीच्या कॅमेऱ्यांचा सूर्य कलला होता. डिजिटल संवेदकांनी उरलीसुरली गरज संपवली.

गरज संपलेल्या वस्तूला नवं काम मिळालं, आणि त्यासाठी एक शब्द लागला. जपानी छायाचित्रकार पुसटपणाच्या पोताला ‘बोके’ म्हणत. १९९७मध्ये माइक जॉन्स्टन संपादित करत असलेल्या ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकी नियतकालिकाने त्यावर लेख छापले आणि उच्चार नीट व्हावा म्हणून इंग्रजी स्पेलिंगला शेवटी एक एच जोडला. तोवर लेन्सची परीक्षा स्पष्ट भागात होई. आता अस्पष्ट भागातही होऊ लागली. २०२१मध्ये लायकाने १९६६ची नॉक्टिलक्स एफ/१.२ पुन्हा बाजारात आणली. रचना जवळजवळ तीच ठेवली, म्हणजे चित्रही जुन्यासारखंच यावं. एफ/०.९५ची कितीतरी अधिक निर्दोष नॉक्टिलक्स २००८पासून त्यांच्याकडे होतीच! जे दोष घालवण्यात इंजिनिअरांची आयुष्यं गेली, त्यांतले काही आता सांभाळून विकायचा माल झाले.

यात मला फसवणूक दिसत नाही. जुन्या तबकडीवरची खरखर आवडणारी माणसं आपल्याकडेही आहेत. पण खरखर वेगळी आणि गाणं वेगळं, एवढं कळायला हवं. म्हणून जलद लेन्सची चित्रं पाहताना मी आधी वजाबाकी करतो. हा मऊपणा विपथनाचा, की रेंजफाइंडर चुकल्याचा? पापणी मऊ आणि कान धारदार असेल, तर तो लेन्सचा स्वभाव नव्हे. ही धूसरता रचनेतली, की साठ वर्षांत आत साचलेल्या चिकट थराची? मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते हे इथल्या प्रत्येक कॅमेरेवाल्याला ठाऊक असतं, आणि बुरशीसुद्धा दिव्यांभोवती सुरेख तेज निर्माण करते. दुरुस्तीवाल्याकडून साफ होऊन आल्यावर जे उरतं, ते खरं त्या लेन्सचं. मग तेच दृश्य एफ/२.८वर पाहावं. जे नाहीसं झालं ते मोठ्या छिद्राचं देणं.

एवढी वजाबाकी झाली तरी एक प्रश्न उरतो आणि तो तांत्रिक नाही. सॉलोमनला मोठं छिद्र हवं होतं ते अधिक काही दिसावं म्हणून. आज भर दुपारी प्रकाश कमी करणारा काळा फिल्टर लावून तेच छिद्र पूर्ण उघडतात, ते एका पापणीखेरीज बाकी सगळं दिसेनासं व्हावं म्हणून. मागची गल्ली, माणसं, दुकानाची पाटी, सगळं लोण्यासारखं वितळतं. चित्र देखणं असतं, मलाही आवडतं. पण ते कुठे काढलं, कोणत्या साली, शेजारी कोण उभं होतं, हे पन्नास वर्षांनी कोणी विचारलं तर त्यात उत्तर सापडणार नाही. ब्रियाँ बोट दाखवतात त्या चित्रात आजूबाजूच्या पाहुण्यांचे चेहरेही आहेत. लेन्सचा स्वभाव जोखताना तिने काय पुसलं, याचीही नोंद ठेवावी.