फिरतीच्या टोकाशी सोनाळा

औषध कंपनीच्या प्रतिनिधीचा, म्हणजे बोलीत ज्याला ‘एमआर’ म्हणतात त्या फिरत्या कर्मचाऱ्याचा व्यवसाय मुंबईच्या कचेऱ्यांत आखला गेला असला, तरी त्याचा पल्ला आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी बुलडाणा जिल्ह्यातील सोनाळ्यासारख्या गावी अधिक स्पष्ट दिसतात. संग्रामपूर तालुक्यातील हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्याच्या बाजूला आहे. वऱ्हाडातील व्यापाराची मांडणी कापसाने केली आणि कापसासाठीच 1870 मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा नेण्यात आला. अकोला, शेगाव, खामगाव, मलकापूर ही गावे त्या मांडणीची नाकी ठरली, तर पूर्णा नदीच्या उत्तरेकडचा, सोनाळ्याचा डोंगरपट्टा सडकेवर आणि पुढे एसटीवर विसंबून राहिला. औषधांचा घाऊक व्यापारही याच नाक्यांवर स्थिरावल्यामुळे नव्या औषधाची माहिती आणि त्याचा साठा दोन्ही एकाच वाटेने डोंगराकडे सरकत गेले.

या व्यवसायाची गरज कायद्यातून निर्माण झाली. 1940 च्या औषध कायद्याने आणि त्याखालील 1945 च्या नियमांनी काही औषधे केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येतील असे ठरवले, आणि 1954 च्या कायद्याने अनेक रोगांवरील औषधांची लोकांपुढे जाहिरात करण्यास मनाई केली. परिणामी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांपर्यंत माणूस पाठवणे हाच कंपनीपुढचा प्रमुख मार्ग उरला. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनावरील मक्तेदारी काढून केवळ प्रक्रियेपुरते पेटंट ठेवले, तेव्हा एकच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकू लागल्या. औषध एकच आणि नावे अनेक, अशा स्थितीत डॉक्टरांच्या लक्षात नाव ठेवण्याचे काम प्रतिनिधीकडे आले. या व्यवसायाच्या विस्तारामागे याहून मोठे कारण क्वचितच सापडेल.

कामाची पद्धत ठरीव असे. महिन्याच्या आरंभी ‘टूर प्रोग्राम’ मंजूर होई. ज्या शहरी प्रतिनिधीचे बिऱ्हाड ते ‘हेडक्वार्टर’, सकाळी जाऊन रात्री परतता येईल ते ‘एक्स-स्टेशन’ आणि जेथे मुक्काम करावा लागे ते ‘आउटस्टेशन’, अशी गावांची वर्गवारी असून दैनिक भत्ता तिच्यावरच अवलंबून असे. डॉक्टरांसमोर औषधाची माहिती सांगण्याला ‘डिटेलिंग’ म्हणत. त्यासाठीचा चित्रमय संच, म्हणजे ‘व्हिज्युअल एड’, डाव्या हातात डॉक्टरांकडे तोंड करून धरायचा आणि मजकुरावर हात न येता उजव्या हातातील पेनाने एकेक ओळ दाखवत जायचे, असे प्रशिक्षणात घोटून घेतले जाई. बाहेर रुग्णांची रांग असताना हे सारे काही मिनिटांत आटपावे लागे. त्यानंतर औषध दुकानदाराकडे चौकशी, घाऊक विक्रेत्याकडे साठ्याची पाहणी आणि रात्री दिवसभराच्या भेटींचा लेखी अहवाल, हा क्रम ठरलेला होता. ज्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या अधिक त्यांच्याकडे भेटी अधिक, या हिशेबात आडवळणाचे गाव मागे पडणे अटळ होते, आणि रुग्णाच्या दृष्टीने हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष मानला पाहिजे: नव्या औषधाची माहिती रोगाच्या प्रमाणात न पोचता खपाच्या प्रमाणात पोचली.

इतकी पायपीट करूनही प्रतिनिधी कायद्याच्या लेखी कामगार ठरत नव्हता. मे अँड बेकर कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये असा निर्णय दिला, की त्याचे मुख्य काम प्रचाराचे असून कारकुनी किंवा अंगमेहनतीचे काम केवळ आनुषंगिक आहे, म्हणून औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येत तो बसत नाही. बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याचा साधा मार्गही त्यामुळे बंद झाला. 1963 मध्ये स्थापन झालेल्या प्रतिनिधींच्या अखिल भारतीय महासंघाने राज्यसभेकडे अर्ज केला, राज्यसभेच्या याचिका समितीने 1972 मध्ये त्यावर अहवाल दिला आणि 1976 मध्ये विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले, कामाच्या काळाच्या किमान एक अकरांश इतकी अर्जित रजा मिळाली आणि औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण लागू झाले. मात्र आरंभी दरमहा 750 रुपयांची वेतनमर्यादा असल्याने अनेक जण या लाभांबाहेर राहिले, आणि 1986 च्या दुरुस्तीने ती अडचण बरीच दूर केली.

डॉक्टर आणि कंपनी यांच्या संबंधांवरील बंधने याहून उशिरा आली. वैद्यक परिषदेने 2009 मध्ये डॉक्टरांनी भेटवस्तू स्वीकारण्यास मनाई केली. औषधांच्या विपणनासाठीच्या 2024 च्या आचारसंहितेने एका औषधाचे वर्षाला बारापेक्षा अधिक नमुना-संच एका डॉक्टरांना देऊ नयेत अशी मर्यादा घातली. प्रतिनिधीच्या कामाची साधनेही दरम्यान बदलली आणि रोजच्या अहवालाची वही जाऊन मोबाइलमधील अ‍ॅप आले. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रमसंहिता लागू होऊन 1976 चा कायदा त्यांत विलीन झाला. तो स्वतंत्रपणे कायम ठेवावा, ही मागणी प्रतिनिधींच्या संघटना त्याआधीपासून करीत आल्या होत्या.