वत्थुदेसना : बांधकामाची अनुज्ञा, विनयपिटकात आणि आपल्या नगरात

विनयपिटकाचे वाचन आपल्याकडे बहुधा चार पाराजिकांपाशी थांबते, किंवा एकदम महावग्गातील प्रव्रज्येच्या कथांकडे वळते. मधल्या तेरा संघादिसेस नियमांपैकी सहावा व सातवा हे दोन नियम कुटीच्या आणि विहाराच्या बांधकामासंबंधी आहेत. त्यांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. विटामातीचा हा विषय धम्मचिंतनाच्या मानाने गौण वाटत असावा. परंतु ज्या नगरात हजारो घरे आधी उभी राहिली आणि त्यांची परवानगी मागाहून मागितली गेली, त्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, राहून हे नियम वाचू लागले की ते गौण वाटेनासे होतात. बांधकामाची अनुज्ञा कोणी, कोणाकडे, केव्हा मागावी आणि ती न मागता बांधले तर पुढे काय, हे सर्व प्रश्न तेथे तपशीलवार आले आहेत.

सहाव्या नियमाची निदानकथा आळवी नगरातील आहे. तेथील भिक्खू कोणी दाता नसताना स्वतःसाठी कुट्या बांधीत होते, आणि त्या कुट्यांना मापाची मर्यादा नव्हती. त्यामुळे काम संपत नसे आणि याचनाही संपत नसे. माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, कुदळ द्या, गवत द्या, माती द्या, असे ते गावभर मागत फिरत. लोक इतके त्रासले की भिक्खू दिसताच वाट बदलत, दार लावून घेत. दुरून गायी दिसल्या तरी भिक्खू आले असे समजून पळत. महाकस्सप थेर आळवीस आले तेव्हा त्यांच्याही वाट्याला हाच अनुभव आला. त्यांनी चौकशी केली आणि गोष्ट तथागतांच्या कानी गेली. वर्गणीच्या पावतीपुस्तकासह दारोदार फिरलेल्या आमच्यासारख्यांना ही कथा वाचताना थोडे ओशाळल्यासारखे होते, हे कबूल केले पाहिजे.

या प्रसंगावरून जो नियम झाला तो असा : दाता नसताना, स्वतः मागून आणलेल्या सामग्रीने, स्वतःसाठी कुटी बांधणाऱ्याने ती मापाने बांधावी. लांबी बाहेरून मोजून सुगताच्या वितीने बारा विती, रुंदी आतून मोजून सात विती. आणि काम सुरू करण्यापूर्वी जागा दाखवण्यासाठी भिक्खूंना न्यावे. या जागा ठरवून देण्यालाच ‘वत्थुदेसना’ म्हणतात. सुगताची वीत नेमकी केवढी, यावर मतभेद आहेत. अट्ठकथा ती सामान्य पुरुषाच्या वितीच्या तिप्पट मानते, आधुनिक अभ्यासक पुष्कळ लहान मानतात. तो वाद येथे नको.

त्याहून महत्त्वाची आहे ती अनुज्ञेची रीत. इच्छुक भिक्खूने प्रथम जागा साफ करावी. मग संघाकडे जाऊन, उत्तरासंग एका खांद्यावर घेऊन, वडील भिक्खूंना वंदन करून, उकिडवे बसून व हात जोडून जागेची पाहणी करण्याची विनंती तीनदा करावी. सर्व संघ जाऊ शकत असेल तर सर्वांनी जाऊन पाहावे. नसेल तर योग्य-अयोग्य जाणणारे समर्थ भिक्खू ञत्ति मांडून संघाने निवडावेत. ते पाहून आले की विनंती पुन्हा तीनदा, आणि मगच संघाची संमती. म्हणजे पाहणी निराळी व मंजुरी निराळी, आणि पाहणी करणाराही संघानेच नेमलेला. आजच्या नगररचना विभागाच्या कार्यपद्धतीशी याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. भेद एवढाच की तेथे अर्जदार व मंजुरी देणारे एकाच भिक्षापात्राच्या जीवनात वाटेकरी होते.

पाहणीत काय पाहायचे? दोन गोष्टी. जागा ‘अनारम्भ’ हवी आणि ‘सपरिक्कमन’ हवी. अनारम्भ म्हणजे जेथे बांधल्याने कोणास उपद्रव होत नाही अशी. उपद्रवाची यादी मुळातून वाचण्याजोगी आहे. तीत मुंग्यांची व वाळवीची वारुळे आहेत, उंदीर, साप, विंचू, घोण यांची बिळे आहेत, हत्ती-घोड्यांपासून वाघ-अस्वलांपर्यंतची वसतिस्थाने आहेत. त्यापुढे माणसांच्या जागा येतात : धान्याची शेते, वधस्थान, स्मशान, उद्यान, राजाची जमीन, हत्तीशाळा, अश्वशाळा, बंदिशाळा, मद्यगृह, रस्ता, चौक, सभागृह. यांना लागून असलेली जागा संघाने ठरवून देऊ नये. रस्ता, चौक, उद्यान आणि राजाची जमीन, म्हणजे आजच्या भाषेत सार्वजनिक रस्ता, राखीव मोकळी जागा आणि शासकीय भूखंड, हे शब्द अडीच हजार वर्षांच्या परंपरेच्या ग्रंथात एका ओळीने आलेले पाहून आम्ही बराच वेळ त्या पानावरच थांबलो होतो. ‘सपरिक्कमन’ म्हणजे भोवती फिरता येईल अशी. जुंपलेली बैलगाडी कुटीभोवती नेता आली पाहिजे, किंवा चारी बाजूंनी शिडी लावता आली पाहिजे. महानगरपालिकेच्या भाषेत यालाच सामासिक अंतर म्हणतात.

अनुज्ञेवाचून बांधणाऱ्याचा दोष विनयकारांनी एकदम पुरा धरलेला नाही. प्रत्येक प्रयत्नाला दुक्कट. मातीचा शेवटचा एक पिंड लावायचा राहिला असता थुल्लच्चय. तो लागला की संघादिसेस. शेवटच्या पिंडापर्यंत माणसाला थांबण्याची संधी आहे. आपण बांधा असे सांगून गेलेल्या भिक्खूला परत आल्यावर आपली कुटी जागा न ठरवता बांधली जात आहे असे दिसले, तर त्याने ती दुसऱ्याला द्यावी किंवा मोडून पुन्हा बांधावी, अशीही तरतूद आहे. मोडणे हा एकच मार्ग नाही. दुसऱ्याला देणे हाही आहे. मात्र बांधून घेणाऱ्याने ती स्वतःसाठी तशीच ठेवणे हा मार्ग नाही. दंडाची रक्कम भरून वास्तू आपलीच ठेवण्याची कल्पना विनयात कोठेही आढळत नाही. संघादिसेसाचे प्रायश्चित्त मानत्ताच्या सहा रात्रींचे आहे आणि दोष लपवला असेल तर त्यापूर्वी परिवास. पुनःप्रवेशाला किमान वीस भिक्खूंचा संघ लागतो.

सातवा नियम कोसंबीच्या घोसितारामातील छन्नामुळे झाला. येथे उपासक दाता होता व वास्तू मोठी होती, म्हणून मापाची अट नाही. जागेची मात्र आहेच. छन्नाने जागा साफ करताना गावोगावच्या लोकांनी पूजलेला वृक्ष तोडला. दाता आहे, पैसा आहे, हेतूही चांगला आहे, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भावनेची तमा बाळगण्याचे कारण नाही, असे त्यास वाटले असावे. असे छन्न आजही विहार समित्यांमध्ये भेटतात.

आमच्या मते यांहून मार्मिक कथा धनिय कुंभारपुत्राची आहे. इसिगिलीच्या उतारावर त्याची गवताची कुटी होती. तो भिक्षेला गेला की गवत-काटक्या गोळा करणारे ती मोडून नेत. असे तीनदा झाले. शेवटी आपल्या वंशपरंपरागत कलेच्या बळावर त्याने पूर्ण मातीची कुटी घडवली व भाजून काढली. ती इंद्रगोप किड्यासारखी तांबडी होती आणि वाजवली की घंटेसारखी वाजे. भगवंतांनी गृध्रकूटावरून उतरताना ती पाहिली. भाजताना किती जीव मेले असतील म्हणून त्यांनी निषेध केला आणि भिक्खूंना ती मोडण्यास सांगितले. कुटी मोडली गेली, धनियाने विरोध केला नाही. परंतु त्याला राहायला जागा हवी होतीच. तो राजाच्या लाकूडकोठाराच्या रखवालदाराकडे गेला, राजाने दिले आहे असे सांगून नगराच्या डागडुजीसाठी राखलेली लाकडे घेऊन आला, आणि अमात्य वस्सकारामुळे प्रकरण बिंबिसारापर्यंत पोहोचले. राज्याभिषेकाच्या वेळी श्रमण-ब्राह्मणांना तृण, काष्ठ, उदक दिल्याचे राजाचे वचन धनियाने पुढे केले. राजा म्हणाला की ते अरण्यातल्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या वस्तूंबद्दल होते. या प्रसंगातून चोरीविषयीचे दुसरे पाराजिक निर्माण झाले. तीनदा निवारा गेलेल्या माणसाची चौथी कुटी नियमाप्रमाणे मोडली गेली, आणि त्यानंतर त्याच्या हातून अधिक गंभीर दोष घडला. विनयकारांनी या दोहोंचा कार्यकारणभाव सांगितलेला नाही; तो आम्ही लावत आहोत. परंतु कथा त्यांनी याच क्रमाने सांगितली आहे.

आता या नियमाचा अपवाद पाहू, कारण तो थेट आपल्या डोंगराशी येऊन भिडतो. ‘लेण’, गुहा आणि गवताची कुटी यांना सहावा नियम लागू नाही; दुसऱ्यासाठी बांधलेल्या वास्तूला आणि निवासाव्यतिरिक्तच्या बांधकामालाही नाही. ‘लेण’ हा तोच शब्द, जो मराठीत ‘लेणे’ होऊन आजही जिवंत आहे. नगराच्या उत्तरेस बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात तीन समूहांत विखुरलेली औरंगाबाद लेणी आहेत. त्यांतील चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत जुने, पहिले व तिसरे लेणे बहुतेक अभ्यासकांच्या मते पाचव्या शतकाच्या अखेरीचे, सहावे, सातवे व नववे त्यानंतरचे. पहिल्या लेण्याचे काम तर अर्धवटच राहिले आहे. वत्थुदेसनेच्या दृष्टीने ही कामे मोकळी होती. अपवादाचे कारण ग्रंथात दिलेले नाही. कड्याच्या पोटात कोणाचे शेत नसते, रस्ता वा चौक नसतो, आणि दारोदार माती-गवत मागावे लागत नाही, हे कारण असावे असे आम्हांस वाटते.

तरीही डोंगर कोणाचा तरी होता आणि लेण्याच्या निर्वाहाची जमीनही. संघाची अनुज्ञा लागली नाही तरी नगराची व राजाची नोंद लागत होती, याचा उत्तम पुरावा नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर आहे. नहपानाचा जावई उषवदात याने लेण्यातील भिक्खूंसाठी ३००० कार्षापणांची कायम ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली, २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० पाऊण टक्क्याने. ४२ व्या वर्षाच्या या दानाचा लेख दहाव्या लेण्यात आहे. हे सर्व निगमसभेत वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवले, असे तो लेख सांगतो. राजाच्या जावयालाही गावच्या सभेपुढे दान वाचून दाखवावे लागले. भिक्खूंच्या अन्नासाठी शेत द्यायचे तेव्हाही त्याने ते एका ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना विकत घेऊन दिले. पुढे तिसऱ्या लेण्यातील लेखांवरून दिसते की गौतमीपुत्र सातकर्णीने १८ व्या वर्षी २०० निवर्तने शेत दिले. २४ व्या वर्षी, ते गाव ओसाड असून शेत कसले जात नाही असे कळल्यावर, नगराच्या सीमेवरील राजशेतातून १०० निवर्तने दिली. कागदावर जमीन आणि प्रत्यक्षात ओसाडी, हा अनुभव किती जुना आहे!

मलिक अंबराने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले. त्या काळच्या बांधकामांचा इतिहास हा निराळा विषय आहे. आपल्या काळापुरते सांगायचे तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याने नियोजन प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीवाचून केलेला विकास गुन्हा ठरवला. १९७२ मध्ये सिडको येथे आली, १९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. चिकलठाणा व वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत मराठवाड्याच्या खेड्यांतून माणसे आली, आणि त्यांत दुष्काळाने जमीनजुमला सुटलेले, मुळात जमीनच नसलेले असे आपले बांधव पुष्कळ होते. मंजूर ले-आऊटमधील भूखंड त्यांच्या आवाक्यात नव्हता. शेतमालकाने वा मध्यस्थाने शेताचे गुंठे पाडून विकलेला तुकडा आवाक्यात होता. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्याचाही अर्धा किंवा पाव. तुकडेबंदी कायद्यामुळे रीतसर खरेदीखत होईना, म्हणून व्यवहार बॉन्ड पेपरवर झाले. अशा वस्त्यांना गुंठेवारी म्हणतात. रस्ते किती रुंद ठेवायचे, मोकळी जागा कोठे सोडायची, हे तुकडे विकणाऱ्याने ठरवले, आणि बहुधा ठरवलेच नाही.

२००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे विकास प्रशमन शुल्क व विकास आकार घेऊन नियमित करण्याची सोय केली. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. ही सोय खाजगी जमिनीच्या अनधिकृत तुकड्यांसाठी आहे. शासकीय वा सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणाला ती लागू नाही. मुदत अशी पुढे सरकत गेली की तुकडे पाडून विकणारा निर्धास्त होतो आणि शुल्क मात्र राहणारा भरतो, असा आमचा आक्षेप आहे. परंतु राहणाऱ्याला आळवीच्या भिक्खूंच्या रांगेत बसवणे हाही अन्याय आहे. त्यांच्यापुढे वृक्षतळही होते आणि संघही होता. गुंठेवारीतल्या कामगारापुढे धनियाचीच वाट होती.

आपल्या विहारांची गोष्ट मात्र आम्ही वेगळी मानतो. कुटुंबाचे डोके झाकण्याची निकड तेथे नसते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, उद्याने व जागांवर धार्मिक नावाने नवे अनधिकृत बांधकाम होऊ न देण्यास सांगितले आणि जुन्यांचा एकेक करून विचार करण्यास सांगितले. तेव्हा आपल्या वर्तुळात हा धर्मावर आघात आहे अशी भाषा ऐकू आली. ती बोलणाऱ्यांनी अनारम्भ जागेची यादी वाचलेली नसावी. त्याचबरोबर हेही खरे की ज्या वस्तीच्या आराखड्यात समाजमंदिरासाठी कधी जागाच सोडली गेली नाही, तेथे रस्त्याकडेचा एक कोपरा हीच पंचशील घेण्याची जागा झाली. तो कोपरा मोडायचा तर पर्यायी जागा आधी ठरवून द्यायला हवी, हे मागण्याचा वस्तीला अधिकार आहे. जागा ठरवून देणे हा शब्द आम्ही वत्थुदेसनेवरूनच घेत आहोत.

आम्ही ज्या विहाराच्या समितीत काम केले तो अशाच एका वस्तीत, बॉन्डवर घेतलेल्या दीड गुंठ्यावर आहे. तळमजला जुना. वर ग्रंथालयासाठी स्लॅब टाकायचा ठरला तेव्हा आम्हांपैकी एका वृद्ध सभासदाने परवानगीचे विचारले होते. सगळी वस्तीच अशी आहे, आपलेच काय, असे आम्ही त्यांना सांगितले, आणि पावसाळ्यापूर्वी स्लॅब टाकून मोकळे झालो. नियमितीकरणाच्या अर्जासाठी मोजणी करायला अभियंता आला तेव्हा त्याने पूर्वेकडे, दक्षिणेकडे, पश्चिमेकडे टेप धरला. उत्तरेकडे त्याला तो धरता आला नाही. तेथे स्लॅब शेजारच्या विधवा बाईंच्या भिंतीला टेकला आहे, आणि त्यांच्या एकुलत्या खिडकीवर त्याची सावली असते. शिडी लावायला तर सोडाच, हात घालायलाही फट नाही. त्यांनी कधी तक्रार केलेली नाही. पौर्णिमेला त्या खिरीसाठी दूध देतात. उत्तरेकडचा तेवढा भाग कापून घ्यावा, असा ठराव आम्ही समितीपुढे मांडला आहे. तो पहिल्या बैठकीत मंजूर झाला नाही. विनंती तीनदा करण्याची रीत असल्याने पुढच्या दोन बैठकांची वाट पाहत आहोत.