४२.३४ मीटर आणि सतरा वेढे

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच काँग्रेसचे प्रमुख नेते पकडले गेले. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी सुरू झाली. अशा वेळी २७ ऑगस्टला मुंबईतून एक गुप्त रेडिओ बोलू लागला. आपण काँग्रेस रेडिओवरून, भारतातील कुठल्यातरी ठिकाणाहून, ४२.३४ मीटरवर बोलत आहोत, असे निवेदिका सांगे. तिचे नाव उषा मेहता, वय बावीस वर्षे. प्रक्षेपक यंत्र जुळवले होते नरिमन प्रिंटर यांनी, आणि साहित्याच्या बाबतीत ‘शिकागो रेडिओ’ कंपनीच्या नानक मोटवानी यांची मदत झाली होती.

इतिहासाच्या पाठात ही कथा धैर्याची म्हणून येते, आणि ते योग्यच आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकाने त्या ‘४२.३४’ या आकड्यापाशी थोडे थांबावे. दशांश चिन्हापुढच्या दोन अंकांपर्यंत ही लांबी कशी सांगता आली? आणि ती नेमकी असणे का आवश्यक होते?

प्रकाशाचा वेग दर सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. त्याला ४२.३४ ने भागले की वारंवारता मिळते ७.०८ मेगाहर्ट्झ. युद्धापूर्वी हौशी रेडिओवाल्यांसाठी ७ ते ७.३ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखीव होता. युद्ध सुरू होताच भारतात त्यांचे परवाने रद्द झाले, पण त्यांच्या हातातले कसब कोणाला रद्द करता येणार? काँग्रेस रेडिओची लहर बरोबर याच पट्ट्यात बसते.

वारंवारता ठरते ती मुख्यतः दोन वस्तूंवरून: तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, आणि धारित्र, म्हणजे कपॅसिटर. समजा कपॅसिटर १०० पिकोफॅरडचा घेतला. मग ७.०८ मेगाहर्ट्झसाठी कॉइलची प्रवर्तकता सुमारे ५ मायक्रोहेन्री हवी. अमेरिकन अभियंता हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या सूत्राप्रमाणे एक इंच व्यासाच्या नळीवर एक इंच लांबीत तारेचे सतरा वेढे दिले की एवढी प्रवर्तकता मिळते. यात दोन टक्क्यांची चूक झाली, तर वारंवारता एक टक्का, म्हणजे सुमारे ७० किलोहर्ट्झ सरकते. ४२.३४ मीटरवर कान लावून बसलेल्या श्रोत्याला मग नुसती खरखर ऐकू येईल.

आता प्रश्न असा, की एवढी लहान प्रवर्तकता मोजायची कशी? ५० हर्ट्झच्या घरगुती विजेला ५ मायक्रोहेन्रीची कॉइल जो विरोध करते, तो ओहमच्या सहाशेव्या भागाइतका असतो. तारेच्या स्वतःच्या रोधात तो हरवून जातो. तीच कॉइल ७.०८ मेगाहर्ट्झला मात्र सुमारे २२० ओहमचा विरोध करते. म्हणून लहान कॉइल मोजायची तर तिला वेगाने आंदोलित करावे आणि वारंवारता मोजावी, हाच सोपा मार्ग.

या मार्गाची सुरुवात १८५३ साली झाली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन, यांनी गणिताने दाखवले, की विद्युत्भारित लेडन बरणी तारेतून रिकामी होताना, तारेचा रोध पुरेसा कमी असेल तर, वीज एकदाच वाहून थांबत नाही. ती झोक्यासारखी मागेपुढे हेलकावते. हेलकाव्याचा काल प्रवर्तकता आणि धारकता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. काही वर्षांतच जर्मनीत फेडरसन यांनी फिरत्या आरशात ठिणगीचे प्रतिबिंब पाहून हे हेलकावे प्रत्यक्ष दाखवले. रेडिओ जन्मण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे रेडिओवाल्यांनी हेच सूत्र उलटे वापरले: वारंवारता मोजा, कॉइल आपोआप कळेल.

हा प्रयोग आज शाळेत करता येतो. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घ्या. त्याचा कलेक्टर ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकाला जोडा. बेसला धन आणि ऋण टोकांकडून प्रत्येकी ४७ किलोओहमचा रोध लावा आणि एमिटरपासून ऋण टोकापर्यंत १ किलोओहमचा. बेस व एमिटर यांच्यामध्ये ४.७ नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर, आणि एमिटर व ऋण टोक यांच्यामध्ये तसाच दुसरा. बेसपासून ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून कॉइलचे एक टोक जोडा आणि दुसरे टोक ऋण टोकाला. तसाच आणखी एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा लावा. झाला आंदोलक तयार. हे सारे साहित्य रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळते.

वारंवारता मोजायला मध्यम लहरीचा साधा रेडिओ पुरतो. तो आंदोलकाजवळ ठेवून काटा फिरवा. ज्या जागी खरखर एकदम शांत होते, ती आंदोलकाची वारंवारता. तबकडीवरचे आकडे ज्ञात केंद्रांवरून आधी तपासून घ्यावेत. आकाशवाणीच्या सोलापूर केंद्राला १६०२ आणि पुण्याला ७९२ किलोहर्ट्झ नेमून दिले गेले; आपल्या गावी जी केंद्रे ऐकू येतील ती घ्यावीत. आपली सतरा वेढ्यांची ज्ञात कॉइल लावल्यावर काटा १४५० ते १५०० च्या आसपास थांबायला हवा. एकच लहर दोन जागी ऐकू आली, तर सर्वांत जोरदार ती खरी.

आता अनोळखी कॉइल ज्ञात कॉइलच्या एकसरीत जोडा. दोन्ही एकमेकींपासून दूर आणि काटकोनात असाव्यात, नाहीतर एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरते. वारंवारता उतरेल. समजा ती १४६० वरून ११७० झाली. १४६० ला ११७० ने भागून वर्ग केला की १.५६ येतात. त्यातून एक वजा केला, उरले ०.५६. म्हणजे अनोळखी कॉइल ज्ञात कॉइलच्या ०.५६ पट, सुमारे २.८ मायक्रोहेन्री. गंमत म्हणजे कपॅसिटरची किंमत या उत्तरात येतच नाही. भागाकारात ती निघून जाते. कपॅसिटर पाच-दहा टक्क्यांनी चुकीचा असला तरी बिघडत नाही. या रीतीने सुमारे ०.२ ते ३० मायक्रोहेन्रीपर्यंतच्या कॉइल मोजता येतात.

मात्र या आंदोलकाला एरियल लावू नये. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे आजही गुन्हाच आहे.

काँग्रेस रेडिओला तर जागाच सतत बदलाव्या लागल्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात छापा पडला. ठिकाण कळले ते आतल्याच एका तंत्रज्ञाकडून. नानक मोटवानी निर्दोष सुटले, उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये त्या सुटल्या, पुढे प्राध्यापक झाल्या, १९९८ साली पद्मविभूषणने गौरवल्या गेल्या आणि २००० साली त्यांचे निधन झाले.

जेमतेम अडीच महिने तो आवाज त्याच आकड्यावर सापडत राहिला, म्हणून तो लोकांपर्यंत पोचला. वर्गात हा धडा शिकवताना धैर्याबरोबर कोणीतरी मोजूनमापून गुंडाळलेल्या तारेचाही उल्लेख व्हावा. आणि जमले तर ती तार मुलांकडूनच गुंडाळून घ्यावी.