पुराव्याचा पत्ता

चिंचवडास पवनेच्या कांठीं मोरया गोसावी यांचें समाधिमंदिर आहे. कारखान्यांच्या या नगरींतून पुष्कळ लोक तेथें दर्शनास जातात. परंतु तेथील शिलालेखापाशीं थांबणारे थोडे. शके १५८० विलंबी संवत्सरीं, कार्तिक शुद्ध द्वादशीस मंदिराच्या कामास प्रारंभ झाला, असें त्यांत नमूद आहे. इतिहास लिहिणारानें आपल्या विधानाचा आधार कसा सांगावा, हा आजचा विषय या एका ओळीवरून समजावून घेतां येईल.

शकांत बारा मिळवून बेरजेस साठांनीं भागावें. बाकी उरेल त्या क्रमांकाचें संवत्सर. १५८० व १२ मिळून १५९२, बाकी ३२, आणि प्रभवापासून बत्तिसावें संवत्सर विलंबीच येतें. लेख आपली साक्ष आपणच पटवितो! आतां कोणी नुसतें ‘१६५८ सालीं काम सुरू झालें’ असें लिहिलें, तर तें खोटें नाहीं. परंतु पडताळ्याचें साधन मात्र नाहींसें झालें. म्हणून मुळांतील तिथि जशीच्या तशी द्यावी, आणि इंग्रजी सन तिच्या शेजारीं. शिवाय लेखाचें हें वाचन मीं पुणें जिल्ह्याच्या १८८५ सालच्या ग्याझेटियरांतून घेतलें आहे, हेंही सांगितलें पाहिजे. न सांगितल्यास शिला मींच वाचली असा आपला समज होईल.

चिंचवडाहून थोड्याच कोसांवर चाकण आहे. आज तेथें मोटारी तयार होतात. १६६० सालीं तेथील भुईकोट फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाविरुद्ध पन्नासांहून अधिक दिवस झुंजविला. जदुनाथ सरकार कोट पडल्याची तारीख १५ ऑगस्ट देतात. दुसऱ्या एखाद्या ग्रंथांत २५ ऑगस्ट आढळल्यास वाचकानें गोंधळूं नये. पहिली तारीख जुन्या ज्यूलियन गणनेची, दुसरी नव्या ग्रेगरियन गणनेची. त्या शतकांत दोहोंमध्यें दहा दिवसांचें अंतर होतें. दिवस एकच, परंतु गणना न सांगितल्यामुळें उगाच दोन पक्ष पडतात.

ही शिस्त मराठींत रुजविण्याचें मोठें श्रेय इतिहासाचार्य राजवाडे यांचें. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. अशा साधनसंग्रहांत प्रत्येक पत्रास स्वतंत्र लेखांक असतो. या साध्या युक्तीचें मोल मोठें आहे. आवृत्ति बदलली कीं पृष्ठांक हलतो. लेखांक तोच राहतो.

तेव्हां नियतकालिकासाठीं लेख सिद्ध करणारानें चार गोष्टी संभाळाव्या. छापील ग्रंथ असल्यास कर्ता, ग्रंथनाम, आवृत्ति, सन व पृष्ठ द्यावें. संग्रहांतील पत्र असल्यास खंड व लेखांक. अप्रकाशित कागद असल्यास दफ्तरखाना व रुमालाचा क्रमांक. जें आपण सरकारांच्या ग्रंथावरून घेतलें, तें फारशी ‘आलमगीरनाम्या’च्या नांवावर खपवूं नये. आणि ‘तत्रैव’ हा शब्द लेख पुरा झाल्यावरच घालावा. कारण मध्यें एक नवी टीप शिरली, कीं तोच ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवितो. शेवटच्या सूचींत आडनांवें वर्णानुक्रमानें लावावीं, पदव्या गाळाव्या, आणि एकच रीत अखेरपर्यंत पाळावी.

हें सर्व कोणास कारकुनी वाटेल. परंतु या पट्ट्यांतील शेतें कारखान्यांखालीं गेलीं, आणि जुन्या घरांतील दफ्तरें कोठें वाळवीनें खाल्लीं, कोठें रद्दींत गेलीं. पुष्कळ गांवांची आठवण यापुढें छापील पानांवरच राहणार. त्या पानांखालीं पुराव्याचा पत्ता नसेल, तर उद्यां शोध घेणाऱ्या मुलास आपल्या गांवाविषयीं खरें कोणतें आणि रचलेलें कोणतें, हें कळण्यास मार्ग उरणार नाहीं. तो मार्ग मोकळा ठेवणें एवढेंच त्या बारीक टिपांचें काम आहे.