इंग्रजी वाक्यातील क्रियापद, सर्वनाम आणि क्रियाविशेषण

पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांमध्ये महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेले तरुण-तरुणी स्पर्धा परीक्षांची तयारी करीत असतात. त्यांपैकी अनेकांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजीची ३०० गुणांची प्रश्नपत्रिका असते. तिचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. मात्र तीत किमान २५ टक्के गुण न मिळाल्यास उमेदवाराच्या अन्य विषयांच्या गुणांचा विचारच होत नाही. त्यामुळे इतिहास वा राज्यशास्त्र उत्तम जाणणाऱ्या उमेदवारालाही इंग्रजी वाक्यरचनेकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही.

अशा विद्यार्थ्यांजवळ शब्दसंग्रह नसतो असे नाही. अडचण बहुधा शब्दांच्या अर्थाची नसून त्यांच्या स्थानाची असते.

प्रत्ययाचे काम स्थानाकडे

‘मांजराने उंदराला पकडले’ आणि ‘उंदराला मांजराने पकडले’ या दोन्ही वाक्यांत पकडणारे मांजरच आहे. कर्ता कोण आणि कर्म कोणते हे ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय सांगतात. इंग्रजीत ‘द कॅट कॉट द माउस’ या वाक्यातील नामांची अदलाबदल केली, तर उंदराने मांजर पकडले असा अर्थ होतो. इंग्रजी नामाला कर्ता वा कर्म दाखविणारा प्रत्यय नाही. ते काम क्रियापदाच्या आधीची आणि नंतरची जागा करते.

मराठी शालेय व्याकरणातील शब्दांच्या आठ जातींची मांडणी इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर रूढ झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून हा धागा दिसतो. परिणामी सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण ही नावे दोन्ही भाषांच्या तासाला सारखीच कानी पडतात. नावे सारखी, म्हणून वाक्यातील वागणूकही सारखी असेल, असा समज त्यातून सहज होतो. तो खरा नाही.

सर्वनाम : मराठीत ऐच्छिक, इंग्रजीत अनिवार्य

‘आली का?’ ‘हो, आली.’ या मराठी संवादात एकही सर्वनाम नाही. तरी स्त्रीविषयी बोलणे चालले आहे हे क्रियापदावरून कळते. आला, आली, आले, आल्या ही रूपे लिंग व वचन सांगतात. ‘साहेब आले’ यात आदरही क्रियापदातच व्यक्त होतो. इंग्रजी ‘केम’ यांपैकी काहीच सांगत नाही. म्हणून ‘ही’, ‘शी’, ‘दे’ यांपैकी एक शब्द क्रियापदाआधी ठेवावाच लागतो. इतकेच नव्हे, तर ‘पाऊस पडतो आहे’ यासाठी ‘इट इज रेनिंग’ असे म्हणताना कोणत्याही वस्तूचा निर्देश न करणारा ‘इट’ केवळ कर्त्याची जागा भरण्यासाठी येतो.

‘मला भूक लागली’, ‘मला माहीत आहे’ या रचनांत विद्यार्थी विशेषतः चुकतात. मराठीत अनुभव घेणारी व्यक्ती ‘मला’ या रूपात येते. इंग्रजीत तीच कर्ता होते : ‘आय ॲम हंग्री’, ‘आय नो’.

क्रियाविशेषणाची ठरलेली जागा

‘मला चहा खूप आवडतो’ आणि ‘मला खूप आवडतो चहा’ ही दोन्ही वाक्ये मराठीत चालतात. इंग्रजीत ‘आय लाइक टी व्हेरी मच’ हेच शुद्ध. ‘आय लाइक व्हेरी मच टी’ अशुद्ध. क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये इंग्रजी सहसा क्रियाविशेषण येऊ देत नाही.

‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ यांसारखी वारंवारता दाखविणारी क्रियाविशेषणे सामान्यतः मुख्य क्रियापदाच्या आधी येतात (‘शी ऑलवेज कम्स लेट’), पण ‘इज’, ‘वॉज’ यांच्यानंतर येतात (‘शी इज ऑलवेज लेट’). साहाय्यक क्रियापद असल्यास त्याच्या नंतरची जागा त्यांची : ‘शी हॅज ऑलवेज हेल्प्ड मी’.

काळ आणि स्थळ यांचा क्रमही उलटतो. मराठीत ‘मी काल तिथे गेलो’ असा काळ बहुधा आधी येतो, तर इंग्रजीत ‘आय वेंट देअर येस्टर्डे’ असा शेवटी. ‘आजच’ या शब्दातील ‘च’चे भाषांतर म्हणून ‘टुडे ओन्ली’ म्हटले जाते, तेही मराठीच्या सवयीने. ‘च’ शब्दाच्या मागे लागतो, ‘ओन्ली’ बहुधा पुढे येतो.

तिघांचा मेळ

क्रियापद, सर्वनाम आणि क्रियाविशेषण यांचा खरा मेळ जोडक्रियापदांत दिसतो. ‘अंगरखा घाल’ यासाठी ‘पुट ऑन द कोट’ आणि ‘पुट द कोट ऑन’ हे दोन्ही बरोबर. मात्र नामाऐवजी सर्वनाम आले, की ‘पुट इट ऑन’ हा एकच क्रम उरतो. ‘पुट ऑन इट’ चालत नाही. सर्वनामाने दर्शविलेली वस्तू श्रोत्याला आधीच ठाऊक असते, म्हणून ते आघात न घेता क्रियापदाला चिकटते आणि आघात शेवटच्या ‘ऑन’वर पडतो.

याउलट ‘लुक ॲट इट’, ‘वेट फॉर हिम’ यांतील ‘ॲट’ आणि ‘फॉर’ ही क्रियाविशेषणे नाहीत. मराठी शब्दयोगी अव्ययाचे काम ती करतात, फक्त शब्दाच्या मागे न येता पुढे येतात. म्हणून सर्वनाम त्यांच्यानंतरच येते. ‘लुक इट ॲट’ असे कधीच होत नाही. नाम दोन्ही जागी ठेवून पाहावे : ‘पुट द कोट ऑन’ चालते, ‘लुक द पिक्चर ॲट’ चालत नाही. या कसोटीने दोन्ही प्रकार वेगळे ओळखता येतात.

या जोडक्रियापदांची मराठी विद्यार्थ्याने धास्ती घेण्याचे कारण नाही. मराठीची संयुक्त क्रियापदे हेच काम करतात. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक आहे, जवळपास तोच ‘ईट इट’ आणि ‘ईट इट अप’ यांत आहे. ‘राइट इट डाउन’ म्हणजे ‘लिहून ठेव’, ‘गिव्ह इट अवे’ म्हणजे ‘देऊन टाक’, ‘रन अवे’ म्हणजे ‘पळून जा’. क्रिया पुरी झाल्याची वा दूर नेल्याची जी छटा मराठी दुसऱ्या क्रियापदाने आणते, ती इंग्रजी छोट्या क्रियाविशेषणाने आणते.

अभ्यासाची दिशा

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तरीही सुट्या शब्दांचे अर्थ पाठ करण्याची सवय पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. ‘गिव्ह म्हणजे देणे’ एवढेच लक्षात ठेवले, तर ‘गिव्ह इट अप’चा ‘सोडून दे’ हा अर्थ हाती लागत नाही. म्हणून वहीत क्रियापद एकटे न लिहिता सर्वनाम आणि क्रियाविशेषणासह लिहावे : ‘टेक इट ऑफ’, ‘ब्रिंग हर बॅक’, ‘कॉल देम अप’. पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या तर्खडकर भाषांतर पाठमालेचा मार्गही येथे उपयोगी पडतो. मराठी वाक्य इंग्रजीत करावे, काही दिवसांनी त्याचे पुन्हा मराठी करावे आणि दोन्ही वाक्यांत कोणता शब्द कोठे सरकला ते पाहावे.