बूट चावतो की नाही, हे कसे मोजायचे?

धावण्याचे बूट घ्यायला दुकानात गेलो की आपण अंगठ्याने तळ दाबून पाहतो, चार पावले चालतो आणि ‘मऊ आहे, मापाचा आहे’ असे म्हणून पैसे मोजतो. या साध्या परीक्षेत मापनशास्त्राचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे. तळाचा मऊपणा यंत्राने मोजता येतो. पण पायाला होणारे सुख मोजता येते का? आणि या दोन गोष्टी एकच आहेत का? उत्तराच्या जवळ पोचायला संशोधकांना सव्वाशे वर्षे लागली. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू.

तळातली हवा

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८७०च्या दशकात एक विलक्षण बूट तयार केला. त्याच्या रबरी तळात हवेची पोकळी होती. पाऊल टेकले की हवा दाबली जाई, तो दाब नळीतून धावणाऱ्याच्या हातातील नोंदयंत्रापर्यंत पोचे आणि फिरत्या कागदावर रेघ उमटे. पाऊल जमिनीवर किती वेळ टेकते, हे त्यावरून कळू लागले. पुढे शंभर वर्षांनी, १९७०च्या दशकाच्या अखेरीस, बुटाच्या तळात पुन्हा हवा आली. पण ती मोजण्यासाठी नव्हे, तर गादी म्हणून. दरम्यान एथिलीन व्हिनाइल ॲसिटेट या प्लास्टिकचा हलका, बंद बुडबुड्यांचा फेसही बुटांच्या तळात वापरात आला होता.

गादीमागचे तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. क्षेत्ररक्षक झेल घेताना हात मागे नेतो. चेंडू थांबायला जास्त वेळ मिळाला की हाताला बसणारे बल कमी होते. बुटातील गादीनेही टाचेचा आघात असाच सौम्य व्हावा, ही अपेक्षा.

यंत्राचा निकाल आणि माणसाचा निकाल

आघात मोजण्यासाठी धावपट्टीत बल मोजणारा पत्रा बसवतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात कॅव्हनॉ आणि लाफॉर्च्यून यांनी १९८० साली १७ धावपटूंच्या अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. पाऊल जमिनीवर पाव सेकंदापेक्षाही कमी वेळ टेकते आणि तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट बल पायावर येऊन जाते, असे त्यांतून दिसले. एका किलोमीटरमध्ये अशी हजाराच्या आसपास पावले पडतात. तेव्हा आघात कमी करणारा बूट शोधणे हे साहजिकच महत्त्वाचे काम ठरले.

प्रयोगशाळेत बुटाच्या टाचेवर ठरावीक उंचीवरून वजन टाकून त्याचा मऊपणा मोजला जाई. मऊ बूट आणि कडक बूट यांचे आकडे स्पष्टपणे वेगळे येत. पण १९८३ साली क्लार्क, फ्रेडरिक आणि कूपर यांनी तेच बूट घालून माणसांना धावायला लावले, तेव्हा पत्र्यावर नोंदलेल्या आघाताच्या कमाल बलात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही!

असे का व्हावे? पडणारे वजन निर्जीव असते. धावणारा माणूस तसा नसतो. तळ कडक लागला की तो नकळत गुडघा किंवा घोटा थोडा वेगळा वापरतो. मऊ तळावर पाय ताठ ठेवतो, कडक तळावर सैल सोडतो. म्हणजे आपण केवळ बुटाचे मापन करत नसतो, बूट आणि शरीर यांच्या जोडीचे करत असतो.

या जोडीत मनही असते, हे १९९७ साली मॉन्ट्रियलमधील रॉबिन्स आणि वेकेड यांच्या प्रयोगातून पुढे आले. एकाच प्रकारच्या पृष्ठभागावर लोकांना पाऊल टाकायला सांगितले, पण त्याबद्दलची माहिती वेगवेगळी दिली. ‘हे आघात फार चांगला शोषते’ असे ऐकलेल्यांनी पाऊल अधिक जोरात आपटले. जाहिरातीवरचा विश्वास गुडघ्यापर्यंत पोचतो तो असा.

धावणाऱ्यालाच विचारले तर?

कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात बेनो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग सरळ मार्ग धरला. २००१ सालच्या अभ्यासात त्यांनी २०६ सैनिकांना बुटात घालायचे सहा प्रकारचे पातळ तळ दिले आणि सर्वांत सुखकर कोणता ते निवडायला सांगितले. सगळ्यांची निवड एक नव्हती. निवडलेला तळ घालून काही महिने सराव करणाऱ्यांमध्ये दुखापतींचे प्रमाण, तळ न दिलेल्या गटापेक्षा कमी आढळले. ‘सर्वांत चांगला बूट’ असा एकच बूट नसतो, हा त्यातला महत्त्वाचा धडा.

पण सुखाचा आकडा कसा काढायचा? त्यासाठी एक आडवी रेघ आखतात. एका टोकाला ‘अजिबात सुखकर नाही’, दुसऱ्या टोकाला ‘याहून सुखकर कल्पना करता येणार नाही’. धावणारा रेघेवर खूण करतो आणि डावीकडून तिचे अंतर मोजले जाते. मात्र या पद्धतीची विश्वासार्हता तपासताना असे दिसले, की एकदाच विचारून भागत नाही. ओळखीचा एक बूट दरवेळी तुलनेसाठी मध्ये द्यावा लागतो आणि चाचणी अनेक दिवस करावी लागते. दुकानातली चार पावले किती अपुरी आहेत, हे यावरून लक्षात यावे.

मग गादी निरुपयोगी आहे का? तसेही नाही. लक्झेंबर्गमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८४८ हौशी धावपटूंना दिसायला सारखे, पण मऊ किंवा कडक तळाचे बूट दिले गेले. कोणाला कोणते मिळाले, हे त्यांना ठाऊक नव्हते. सहा महिन्यांत कडक बुटांच्या गटात दुखापतीचा धोका सुमारे दीडपट आढळला. गंमत अशी की, आघाताचे कमाल बल मऊ बुटांतच थोडे जास्त होते! म्हणजे मऊपणाचा फायदा होतो, पण तो ज्या आकड्यात शोधत होतो त्यात सापडत नाही.

माप कोणाचे?

मऊपणा कितीही असो, बूट मापाचा नसेल तर सारे व्यर्थ. इंग्रजी मापपद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच. तो लांबीचा असतो, रुंदीचा नव्हे. १९२०च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी केलेल्या उपकरणाने लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर ही तिन्ही मापे एकदम घेता येऊ लागली. पण बुटाचा फर्मा कोणाच्या पायावरून बनवला, हा प्रश्न उरतोच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडेच देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेऊन ‘भा’ ही भारतीय मापपद्धती सुचवली, ती याच गरजेतून.

आपल्याकडे मुलांसाठी बूट ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून एक नंबर मोठा घेतात, किंवा मोठ्या भावाचा धाकट्याला येतो. मग पाय आत सरकतो, टाचेला फोड येतो आणि मूल धावणेच टाळू लागते. शिक्षकांच्या नजरेस ही गोष्ट आधी पडू शकते. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात, तेव्हा मुलांना कागदावर उभे करून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढा आणि बुटातला सुटा तळ काढून त्यावर ठेवून पाहा. करंगळी बाहेर येते का? अंगठ्यापुढे बोटभर जागा उरते का? दोन्ही पावले सारखी आहेत का?

पुढे वरच्या वर्गांना रेघेचा प्रयोगही करता येईल. किंमत न सांगता निरनिराळे बूट घालायला द्या, खुणा मोजा, आठवड्याने पुन्हा मोजा. नंतर किमती सांगून तिसऱ्यांदा मोजा. खुणा सरकल्या, तर ‘माझे मत’ आणि ‘माझे मापन’ यांतला फरक मुलांना पायानेच कळेल. आणि महागडा बूट नसलेल्या मुलालाही हे उमगेल, की बुटाची पहिली कसोटी किंमत नसून त्याचे स्वतःचे पाऊल आहे.